अर्ध्या पैशाचा माल

नाही, तुम्हीच सांगा, एक पैसा कमी मागितला म्हणून आजवर कुणाचं बिल अडलंय का हो? जास्त मागितला असता तर समजू शकतो, माणूस लबाड आहे, घाला दोन शिव्या, द्या हाकलून, माझी ना नाही! पण कमी? मी म्हणतोय, बाबांनो, तुमच्या हिशेबापेक्षा मला एक पैसा कमी द्या, मी खुशीत आहे, आणि फोनवर त्या बाई काय म्हणतात माहितीये? आवाज कसा, तर मधात बुडवून काढलेला. "नाही ना हो सर... सिस्टिम घेत नाहीये." घेत नाहीये! अहो, घ्यायचंय कुठे, द्यायचंय! आणि तेही कमी, बरं का, कमी!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. झालाय, पण तो नंतर.

माझा स्प्रिंगांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, एक लांबट शेड, वर पत्रा, खाली चार मशिनं, सात माणसं आणि एक मांजर, जे कुणाचंच नाही. इकडून तार आत जाते, तिकडून स्प्रिंग बाहेर येते. आणि आमचा बारा आणे माल जातो एकाच कंपनीला. मोठी कंपनी! हॉस्पिटलच्या खाटा बनवतात, त्या वर-खाली होणाऱ्या. फाटकापासून ऑफिसापर्यंत चालत गेलं तर वाटेत तहान लागते, एवढी मोठी. त्यांच्याकडून बिलाचे पैसे आले की आमच्याकडे पगार होतात. नाही आले की नाही होत. सरळ आहे.

आता बिल कोण करतं? आमची ही करते. पूर्वी हातानं करायची, कधी म्हणून चूक नाही. पण हिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, कॉम्प्युटर शिकला. शिकला तर शिकला, दुसऱ्या कुणाचं तरी वाटोळं करावं! पण नाही, आला तो थेट आमच्याकडे. "दाजी, तुम्हाला मी बिलाचं सॉफ्टवेअर करून देतो. घरचंच! पैसे नकोत." तिथेच मला कळायला हवं होतं. मेहुणा पैसे नकोत म्हणाला की माणसानं चपला घालून बाहेर पडावं.

पण सॉफ्टवेअर झकास होतं, खोटं कशाला बोलू? तीन ओळी टाकायच्या, मोठी स्प्रिंग इतकी, मधली इतकी, लहान इतकी, भाव टाकला, कर आपोआप लागला, एक बटण दाबलं की बिल तयार आणि थेट कंपनीच्या कॉम्प्युटरात. ना कागद, ना शिक्का, ना हेलपाटे. "आणि दाजी, एकदा बेरीज झाली ना, की ती कुणाच्या बापाला बदलता येणार नाही! कुलूपबंद! तेच तर याचं वैशिष्ट्य आहे." वैशिष्ट्य म्हणे... त्या वैशिष्ट्यानं माझा जीव खाल्ला.

कारण काय झालं, कंपनीनं त्यांची सिस्टिम बदलली. जुनी काय वाईट होती? नव्हती, पण बदलली. नवीन आली परदेशातून, आणि पहिल्याच बिलाला बाईंचा फोन. या बाई म्हणजे कंपनीच्या बिल विभागातल्या, मी त्यांना आजतागायत पाहिलेलं नाही, पण आमच्या हिला त्यांच्या आवाजाचा संशय यायला लागला इतके फोन झालेत. "सर, तुमचं बिल जुळत नाहीये." म्हटलं, माल कमी गेला का? "नाही सर." भाव चुकला? "नाही सर." मग जुळत काय नाही, पत्रिका? "सर, टोटलमध्ये एका पैशाचा फरक येतोय. आमच्यापेक्षा तुमचा एक पैसा कमी आहे."

मी हसलो हो! मोठ्यानं हसलो, मशिनं चालू होती तरी लोकांनी वळून बघितलं. म्हटलं, "बाई, राहू द्या तो पैसा तुमच्याकडे, मुलांना खाऊ घ्या." मग तोच मध. "नाही ना सर... सिस्टिम घेत नाहीये."

मेहुण्याला बोलावलं. आला, खुर्ची उलटी करून बसला, बोटं मोडली, स्क्रीनकडे बघून "हं" म्हणाला, पुन्हा "हं" म्हणाला. मला घाम फुटला. डॉक्टर असं करतो तेव्हा काहीतरी निघतंच. "दाजी, सोप्पं आहे. कर लावला की प्रत्येक ओळीच्या शेवटी पैशाचा तुकडा उरतो. पैशाचे दहा भाग केले, तर त्यातले तीन. माझं सॉफ्टवेअर तो तिथल्या तिथे निकालात काढतं. अर्ध्या पैशाच्या खाली असला की शून्य, अर्धा किंवा त्याच्या वर असला की पुरा एक. एकदम स्वच्छ! त्यांची सिस्टिम तिन्ही ओळींचे तुकडे शेवटपर्यंत सांभाळते. तीन, तीन आणि तीन, नऊ. नऊ म्हणजे जवळजवळ दहा, म्हणून त्यांचा झाला एक पैसा!" म्हणजे कळलं ना तुम्हाला? आमचं मशीन जेवताना सांडलेली शितं झटकून टाकतं, आणि त्यांचं मशीन तीच शितं ताटाच्या कडेला गोळा करून शेवटी म्हणतं, हा बघा, एक घास झाला!

म्हटलं, "मग बरोबर कुणाचं?" "दोघांचंही, दाजी." दोघांचंही बरोबर! ऐकताय ना? यांचंही बरोबर, त्यांचंही बरोबर, दोन शहाणे समोरासमोर बसलेत आणि मधल्या मधे मूर्ख कोण, तर मी! म्हटलं, "तुझं बदल ना रे बाबा." चेहरा असा केला पठ्ठ्यानं, जणू मी त्याची किडनी मागितली. "दाजी, बदलायचं म्हणजे पार गाभ्यात हात घालावा लागेल. आणि मी का बदलू? माझं बरोबर आहे!" आमची ही मागून, "तो बरोबर म्हणतोय." घ्या! बहीण-भाऊ एक झाले.

बाईंना फोन लावला. म्हटलं, तुमचं बदला. "सर, ते परदेशातून होतं. विनंती टाकू का? पुढच्या वर्षी उत्तर येईल." बरं, मी तीन ओळींची तीन वेगळी बिलं करतो. "एका ऑर्डरला एकच बिल सर." बरं, हातानं लिहून देतो. "हातानं?" त्या अशा म्हणाल्या, की मला वाटलं मी चुकून पायानं म्हणालो. मग म्हटलं, असं करा, मी तो पैसा तुमच्या कंपनीला दान देतो, लिहून देतो, सही करतो, अंगठा करतो! "सर, दानाचा विभाग वेगळा आहे. आणि दान एका पैशाचं घेतात का ते मला विचारावं लागेल." विचारलं त्यांनी, खरंच विचारलं! घेत नाहीत. कमीत कमी रक्कम ठरलेली आहे.

आणि नुसता एक पैसा अडला असता तर मी कशाला तुमच्यापुढे रडत बसलो असतो? बिल अडलं, अख्खं बिल! दोन महिन्यांचा माल त्यांच्या गोदामात, खाटांमध्ये बसून पेशंटच्या पाठीखाली गेलासुद्धा, आणि आमचे पैसे मात्र एका पैशासाठी बाहेर ताटकळत उभे. आणि तोही कमी! बँकेत गेलो, म्हटलं, थोडे उसने द्या, बिल यायचंय. "बिल मंजूर झालंय का?" नाही. "का नाही?" सांगितलं. त्या माणसानं माझ्याकडे बघितलं, शेजारच्या माणसाला बोलावलं आणि म्हणाला, "पुन्हा सांगा, यांनाही ऐकू द्या."

पगाराची तारीख आली आणि गेली. आता इथे हसू नका, इथे मी हसत नव्हतो. सात माणसं आहेत हो. त्यातले मिस्त्री सगळ्यात जुने, शेडवर पत्रा नव्हता तेव्हापासूनचे. त्यांच्या मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती, पहिल्या यादीत, घरात पहिलीच शिकणारी पोर, आणि महिनाअखेरपर्यंत फी भरली नाही तर ती जागा खालच्या नंबराला जाणार. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे मिस्त्रींना ठाऊक होतं. पगार मागायला आलेच नाहीत. नुसते मशीन पुसत उभे राहिले. पुसलेलं मशीन पुन्हा पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालक, घाई नाही. पण पोरीचं तेवढं..." आणि पुन्हा मशीन पुसायला लागले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय सांगणार त्यांना? म्हटलं, मिस्त्री, पैसे आहेत, कंपनी द्यायला तयार आहे, पण आपल्या बिलात एक पैसा कमी पडतोय. त्यांनी ऐकून घेतलं. विचार केला. आणि खिशात हात घालून म्हणाले, "एक पैसाच ना, मालक? मी देतो की." अहो... मी शेडच्या मागे जाऊन उभा राहिलो. लाज वाटली मला, राग आला, कुणाचा आला तेही कळेना! मेहुण्याचा म्हणावा तर तो बरोबर, बाईंचा म्हणावा तर त्या बरोबर, मग राग काढायचा कुणावर? मांजरावर? ते तर आमचंही नाही!

त्या दिवशी जेवणं झाल्यावर आमची ही ताटं तशीच ठेवून आकडेमोड करत बसली. आणि एकदम म्हणाली, "अर्ध्या पैशाचं काहीतरी विकू या." म्हटलं झालं, हिच्याही डोक्यावर परिणाम झाला. "ऐका तरी! चौथी ओळ टाकायची, करासकट अर्ध्या पैशाची. आपलं मशीन अर्ध्याचा पुरा एक करतं, म्हणजे आपला वाढला एक पैसा. त्यांच्याकडे ते नऊ आहेत, त्यात हे पाच, झाले चौदा. चौदाचे ते धरणार दहा, वरचे चार सोडणार. म्हणजे त्यांचा होता तेवढाच राहिला. जुळलं!" ती शांतपणे उठून ताटं उचलायला लागली. म्हटलं, अगं, पण या जगात अर्ध्या पैशाला मिळतं काय? तर म्हणाली, "तुमच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी केर काढतात ना, त्यात बघा."

तारेचा तुकडा! स्प्रिंग झाली की तारेचं टोक तोडतात, खाली पडतं, ते पोत्यात भरून भंगारात जातं. त्यातला एक उचलला, बरासा, सरळ, देखणा म्हणावा असा. मोजला, अकरा मिलिमीटर. बाईंना फोन केला, म्हटलं, त्याच ऑर्डरवर आणखी एक वस्तू घ्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि काय सांगू, त्या खूश झाल्या! "अय्या, हो की सर! जुळेल! मी लगेच नवीन वस्तू म्हणून कोड उघडते. फक्त माल प्रत्यक्ष यायला हवा हं. माल आल्याशिवाय..." म्हटलं, माहितीये, सिस्टिम घेत नाही.

मग काय, जुनं बिल रद्द, नवीन चार ओळींचं तयार, आणि मी निघालो डिलिव्हरीला. प्लास्टिकच्या पिशवीत एक तुकडा. फाटकावर नोंद, काय आणलंय? माल. कुठाय गाडी? खिशात. गोदामात पोचलो, तिथे गोदामवाले, भारदस्त गृहस्थ, हातात शिक्का. "टाका काट्यावर." टाकला. काटा शून्य. तो काटा लोखंडाचे गठ्ठे तोलायचा, त्याला काय कळणार? "शून्य वजनाचा माल येत नाही." मी म्हटलं, अहो, आलाय, हा बघा! "मला दिसतोय. सिस्टिमला दिसत नाही." शेवटी त्यांनाच दया आली. "पॅकिंगचं वजन चालतं," म्हणाले. मग एक लाकडी खोकं शोधलं, भलंमोठं, त्यात गवत भरलं, गवतात पिशवी, पिशवीत तुकडा, वर झाकण, झाकणाला खिळे. दोघांनी उचलून काट्यावर ठेवलं. शिक्का बसला!

पुढे तपासणीवाले साहेब. तरुण, चष्मा, खिशात चार पेनं. खोकं उघडलं, गवत काढलं, सगळं टेबल गवतानं भरलं, तुकडा चिमट्यानं उचलला. "ड्रॉइंग?" म्हटलं, साहेब, तारेचा तुकडा आहे. "ड्रॉइंगशिवाय तपासू कशाशी?" काढलं ड्रॉइंग, तिथेच, त्यांच्याच पेननं. एक रेघ. "वरून कसा दिसतो?" दुसरी रेघ. "बाजूनं?" एक टिंब. "या भागाचं काम काय?" आता काय सांगू? म्हटलं, "साहेब, हा बिलाला आधार देतो." त्यांनी लिहिलं, 'आधार देणे.' आणि मग म्हणाले, "आधाराचा भाग आहे म्हणजे ताकद बघायला हवी." आणि दोन पकडींत धरून वाकवला, सरळ केला, वाकवला, सरळ केला... टक्! तुटला. माझ्या काळजाचं पाणी झालं! म्हटलं, साहेब, अहो, सगळा माल मोडलात! "घाबरू नका," म्हणाले, "तपासणीत नमुना मोडतोच. पास आहे."

पास! तुम्हाला सांगतो, मुलगा पास झाला तेव्हा इतका आनंद झाला नव्हता. त्याच दुपारी बाईंचा फोन, "सर, जुळलं! सिस्टिमनं घेतलं!" त्या तिकडे रडत होत्या की काय कोण जाणे, मी इकडे रडत होतो. पैसे आले. पगार झाले. मिस्त्रींना पाकीट दिलं, तर त्यांनी न मोजता खिशात टाकलं आणि तसेच सायकलवर बसून गेले, फीची खिडकी बंद व्हायच्या आत. संध्याकाळी पोरीला घेऊन आमच्या घरी आले. पोर वाकली नमस्काराला, म्हटलं, मला नको बाई, काकूंना कर. आमची ही स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "राहू दे गं, आधी गोड खा."

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली का? अहो, कसली संपतेय!

परवा कंपनीकडून ऑर्डर आली. कॉम्प्युटरवर आपोआप. मी वाचली, स्क्रीन पुसून वाचली, चष्मा पुसून पण वाचली. तारेचा तुकडा, अकरा मिलिमीटर, नग दोन लाख! दोन लाख, महाराज! भाव अर्धा पैसा! फोन लावला, म्हटलं, बाई, हे काय आहे? तुकडा तर मोडला तुमच्या साहेबांनी! "म्हणूनच तर सर," मध तसाच, "साठा शून्य झाला ना! शून्य झाला की सिस्टिम आपोआप मागवते." अहो पण दोन लाख? "ते ना सर... कोड उघडताना मी तुमच्या मोठ्या स्प्रिंगचंच कार्ड कॉपी केलं. नवीन कार्ड भरायला खूप रकाने असतात ना. त्यात किमान साठा दोन लाखांचा होता, तो तसाच आला." मग काढा तो! "काढता येत नाही सर, आता तपासणी विभागानं 'आधार देणे' लिहिलंय, म्हणजे तो खाटेचा आवश्यक भाग झालाय."

म्हटलं, मी नाही देत. सरळ नाही म्हणून सांगतो. "सर, भाव तुम्हीच दिलात. आणि एका वस्तूला नाही म्हटलं तर पुरवठादार सगळ्याच वस्तूंना बंद होतो." झालं का समाधान? केरात बघितलं, सगळा केर उपसला, अकरा मिलिमीटरचे निघाले मोजून साठ-सत्तर. बाकीचे कुठून आणू? चांगली तार आणून तोडायची! विकत घेतलेली, नवी कोरी, चकचकीत तार! मजुरी वेगळी, वीज वेगळी, आणि भाव अर्धा पैसा! मेहुणा म्हणाला, "पण दाजी, बिल बघा, पैशाचाही फरक नाही." हो बाबा, नवीन सिस्टिम आल्यापासून पहिलं बिल, जे आपणहून दोन्हीकडे तंतोतंत जुळणार, आणि ते बिल मला भिकेला लावणार!

तर सध्या असं आहे, की आमची चारही मशिनं सकाळपासून भंगार बनवतायत. टक्, टक्, टक्! काल मिस्त्रींनी विचारलं, "मालक, स्प्रिंगा कधी करायच्या?" म्हटलं, करू की मिस्त्री... तुकडे करून तार उरली तर.